घोडी घुंगरांना बुजते, मदत हवी आहे

लगाम_हाती: घोडी सहा वर्षांची, दोन वर्षं गाडी ओढते आहे, कधी त्रास नाही. काल घुंगरांचा पट्टा चढवला आणि दहा पावलांत उधळली. आज पुन्हा तेच, गाडी थोडक्यात वाचली. पुढच्या आठवड्यात अंधारात फेऱ्या आहेत, पट्टा लागणारच. लवकर सांगा.

रानवारा: पट्टा गळ्यात बांधलाय की तंगाला, म्हणजे पोटाखालच्या पट्ट्याला? आत खडा असलेली बंद घुंगरं की लोलकाच्या घंटा? उभी असताना बुजते की चालताना?

टाच: कानात कापूस घाला. माझा घोडा महिनाभर तसाच चालवला, आता कशाला बिचकत नाही.

रानवारा: टाच, घोडं कान फिरवून आवाजाची दिशा शोधतं. तेच बंद करून रस्त्यावर न्यायचं? नाही पटत.

टाच: मला गुण आला, तो सांगितला.

सांजवेळ: घुंगरं हवीत कशाला? नुसती शोभा. काढून टाका.

जुनी_वाट: शोभा कशी? बर्फावर स्लेज जवळजवळ निःशब्द धावते आणि पटकन थांबतही नाही, म्हणून घोड्यांना घंटा आल्या. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या ईस्ट हॅम्प्टन गावी विल्यम बार्टनने १८०८ मध्ये त्या बनवायला घेतल्या आणि पुढे गावाला 'बेलटाउन' हे नाव पडलं. पेनसिल्व्हेनियातल्या कोनेस्टोगा नावाच्या, घोडे ओढत त्या मालवाहू गाड्यांची तर रीत सांगतात की, गाडी चिखलात रुतली आणि दुसऱ्याने ओढून काढली, तर आपल्या घंटा त्याला द्यायच्या. घंटांसकट मुक्कामी पोचणं हा गाडीवानाचा मान होता.

पितळी: घुंगरं काळी पडली असतील तर लिंबू-मीठ चोळा, पण लगेच कोरडी करा. खाचेतून पाणी गेलं की आतला लोखंडी खडा गंजतो.

लगाम_हाती: पितळ चकचकीत आहे हो! सांजवेळ, गाडीला हवेचे टायर आहेत, आवाज होतच नाही, आणि रस्ता अरुंद, वळणावळणांचा. पट्टा तंगाला, बंद घुंगरं. उभी असताना शांत असते. डोळ्यांच्या बाजूंची झापडंही कालच पहिल्यांदा घातली, पण त्याचा इथे काय संबंध?

रानवारा: हे आधी सांगायचं ना! घोड्याला एरवी जवळजवळ सगळीकडचं दिसतं. झापडांनी मागचं दिसेनासं झालं आणि त्याच दिवशी मागून छनछन सुरू झाली. ती जितकी पळेल तितका आवाज वाढणार, मग आणखी पळणार. शिवाय आपल्याला २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, घोड्याला सुमारे ३३ पर्यंत. त्या छनछनाटातलं आपल्याला न ऐकू येणारंही तिला ऐकू येतं.

गाडी आठवडाभर विसरा. खरारा करताना एकच घुंगरू हातात वाजवा, तिला हुंगू द्या. मग ते गळ्यात बांधून, झापडं न घालता, हाताने फिरवा. कान सैल पडले की एकेक वाढवा. झापडं सगळ्यात शेवटी. फेऱ्या पुढे ढकला.

टाच: एक घुंगरू कापसासकटही चालेल.

लगाम_हाती: फेऱ्या पुढे ढकलल्या. संध्याकाळी खरारा करताना एक घुंगरू वाजवलं. आधी कान मागे पाडले, मग मान वळवून हुंगलं आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं. उद्या गळ्यात बांधतो.