मदत हवी आहे : डिटन १५ स्पीकरच्या एका बाजूच्या ट्वीटरचा (वरचे सूर वाजवणारा छोटा गोल) आवाज दबलाय

मंडळी, सेलेस्टियन कंपनीच्या डिटन १५ स्पीकरची जुनी जोडी घरी आली आहे. खोकी लाकडी, कापड जरा मळकं, पण आवाज म्हणाल तर जिवंत! तबल्याच्या डग्ग्याची घुमक अशी येते की शेजारचे काका विचारायला आले, कोण वाजवतंय म्हणून. समोर जे तीन गोल दिसतात त्यातल्या एकाला ना कॉइल, ना मॅग्नेट. तो एबीआर (ऑक्झिलरी बेस रेडिएटर), आतल्या हवेच्या दाबावर नुसता हलतो आणि खर्ज भरून काढतो. मला तर तोच बघत बसावंसं वाटतं.

आता अडचण. डाव्या स्पीकरमधून झांज, सतारीची तार, सगळं मऊ येतं. वायरी अदलाबदल करून पाहिल्या, तरी दोष त्याच खोक्यात. म्हणजे अँप्लिफायर ठीक आहे. ट्वीटर एचएफ१३०० आहे, स्पेंडॉर बीसी१ या स्पीकरमध्ये असतो तोच. पूर्ण मुका नाही, त्यामुळे माझा संशय क्रॉसओव्हरच्या (खर्ज आणि वरचे सूर वेगळे करून वाटणारं सर्किट) जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर; ते वाळले असणार.

नवे घालायचे तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत ना? प्लास्टिक फिल्मचे कपॅसिटर घातले तर ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) कमी होऊन वरचे सूर टोचतील का? मला इलेक्ट्रोलिटिकच बरे वाटतात, पण ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. लॅमिंग्टन रोडला नॉन-पोलर (अधिक-उणे बाजू नसलेले) इलेक्ट्रोलिटिक मिळतात का? आणि ठाणे-मुंबईत एचएफ१३०० तपासून देणारा खात्रीचा कारागीर कुणाला माहीत आहे का? रंगकाम करून 'नवे' करून देणारे नकोत.