ऑपरेशननंतर वजन परत वाढलं की खापर पेशंटच्याच डोक्यावर का?

टाकेवाली (धागाकर्ती)

"एवढं पोट कापून घेतलंस आणि शेवटी पुन्हा तेच ना?" वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याने ऐकलेलं असतं. बहुतेक वेळा घरच्याच माणसाकडून.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे वाद घालायला सोपं. बॅरिअ‍ॅट्रिक ऑपरेशननंतर काही वजन परत येणं हा या आजाराच्या वाटचालीचाच भाग आहे. जास्त परत आलं तर औषध घ्यावं, गरज असेल तर दुसऱ्या ऑपरेशनचाही विचार करावा, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आकडे बघा. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला एसओएस नावाचा मोठा अभ्यास आहे. त्यात बायपास (हृदयाचं नव्हे; जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला पुढे जोडायचं ऑपरेशन) झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं आणि दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होतं. अमेरिकेतल्या लॅब्स नावाच्या अशाच अभ्यासात बायपासनंतर वजनाने तळ गाठला तो साधारण दुसऱ्या वर्षी. त्यानंतरच्या पाच वर्षांत निम्म्याहून अधिक लोकांच्या अंगावर घटलेल्या वजनापैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त परत आला. एवढ्या सगळ्यांना एकदम आळस चढला असं म्हणायचंय का?

आणि हे आधी कोण सांगतं? दवाखान्याच्या भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो असतात. त्यातला 'नंतर' पहिल्या वर्षाचा. सातव्या वर्षीचा फोटो कुणी लावलेला पाहिलाय?

दोष देण्याने होतं काय, तर माणूस तोंड लपवतो. माझ्या एका मैत्रिणीने फॉलोअपला जाणं बंद केलं, कारण ती काट्यावर उभी राहिली की तिथली नर्स आकडा मोठ्याने वाचायची. पाठोपाठ फाइलमधला मागचा आकडाही वाचायची, बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. तिथे जाणं थांबलं तशा व्हिटॅमिनच्या गोळ्याही थांबल्या. पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा बी-१२ तपासलं, तर ते पार खाली गेलेलं. वजनाचं राहिलं बाजूला.

बोला.

कडुनिंब

सहानुभूती पूर्ण आहे, सहमती नाही.

साधा प्रश्न. ऑपरेशन सगळ्यांचं तेच, पोट सगळ्यांचं तेवढंच लहान केलेलं. मग काहींचं वजन दहा वर्षं जागेवर राहतं आणि काहींचं तिसऱ्या वर्षीच चढायला लागतं, हे कसं?

माझ्या थोरल्या भावाचं स्लीव्ह झालंय, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून नळीएवढंच ठेवलंय. जेवायला बसला की चौथ्या घासाला हात आखडतो, छातीत अडतंय म्हणतो. खरंच अडतं. पण रात्री टीव्हीसमोर आइस्क्रीमचा डबा मांडीवर घेऊन तासभर चमचा-चमचा चालू असतं, ते कधी अडत नाही. चिप्स अडत नाहीत. गोड सरबत तर नाहीच. 'मी कुठे जेवतो?' असं तोच विचारतो, आणि गंमत म्हणजे खोटं बोलत नसतो. जेवत नाहीच तो!

तुम्ही लॅब्सचा दाखला दिलात. त्याच अभ्यासातल्या लोकांच्या सवयीही तपासल्या गेल्यात. दिवसभर अधूनमधून तोंडात टाकत राहणं, पोट भरल्यावरही खाणं, बसून वेळ काढणं, वजन करणं सोडून देणं, या सगळ्याचा वजनवाढीशी संबंध दिसला. हेही त्याच खात्यातलं आहे, तेवढं सोयीस्करपणे वगळू नका.

ठोकळा

कडुनिंब +१. हल्ली कशालाही हार्मोन. तोंडावर ताबा ठेवा, विषय संपला.

टाकेवाली

ठोकळा, तोंडावर ताबा ठेवून भागलं असतं तर पोट कशाला कापून घेतलं असतं? भूल घ्यायची हौस होती का?

कडुनिंब, तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण वजन करणं सोडलं म्हणून वजन वाढलं, की वाढायला लागलं म्हणून काट्यावर चढवेना? माझ्या ओळखीत तरी दुसरंच जास्त. संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही.

दुर्बीणवाला

ही ऑपरेशनं करतो, म्हणून थोडं लांबवतो.

'ऑपरेशन सगळ्यांचं तेच' हे फार तर एकाच प्रकारापुरतं खरं. 'म्हणून परिणामही तोच हवा' हे नाही. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढला जातो. घ्रेलिन हे भूक लावणारं हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि तो भागच जात असल्यामुळे सुरुवातीला भूक मरते. बायपासमध्ये अन्न लहान आतड्यात लवकर पोचतं, त्यामुळे जीएलपी-१ आणि पीवायवाय ही पोट भरल्याचा निरोप देणारी हार्मोन्स जेवणानंतर जोरात वाढतात. स्लीव्हमध्येही वाढतात. मात्र किती वाढतात हे माणसागणिक वेगळं.

लंडनच्या एका विद्यापीठातल्या गटाने नेमकं हेच धरलं. ऑपरेशननंतर वजन फारसं न उतरलेले आणि जेवणानंतर जीएलपी-१ पुरेसं न वाढणारे असे ७० पेशंट त्यांनी निवडले. काहींना लिराग्लुटाइड (जीएलपी-१ सारखं काम करणारं इंजेक्शन), काहींना नुसतं सोंगाचं, औषध नसलेलं इंजेक्शन. २४ आठवड्यांनी औषधवाल्यांचं वजन सरासरी ८.८ टक्क्यांनी उतरलं, दुसऱ्यांचं अर्धा टक्का. बॅरी-ऑप्टिमाइज नावाने २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अभ्यास छोटा आहे, पण 'काहींचंच का' याचं निदान एक उत्तर त्यात आहे.

शिवाय वजन उतरल्यावर शरीर काटकसरीला लागतं. ऑपरेशन न करता टीव्हीवरच्या स्पर्धेत भरपूर वजन घटवलेल्या लोकांची सहा वर्षांनी तपासणी झाली होती. विश्रांतीच्या स्थितीत त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं.

आता धागाकर्तीला थोडं बोलतो. 'दुसरं ऑपरेशन' हा शब्द तुम्ही फार सहज टाकलात. पहिल्या वेळच्या चिकटलेल्या ऊतींतून वाट काढत जावं लागतं. धोका पहिल्यापेक्षा जास्त आणि वजन बहुतेकदा पहिल्याइतकं उतरत नाही. स्लीव्हनंतर अ‍ॅसिडिटीने हैराण झालेल्याचं बायपास करणं वेगळं आणि नुसत्या वजनासाठी पुन्हा टेबलावर घेणं वेगळं. पेशंट येतात ते 'डॉक्टर, पाउच ताणलं गेलंय, तेवढं आवळून द्या' म्हणत (पाउच म्हणजे बायपासमध्ये ठेवलेली जठराची छोटी पिशवी). एन्डोस्कोपी केली की पुष्कळदा पाउच ठीकच असतं. मग औषधांची यादी मागतो आणि तिथे काहीतरी सापडतं: सांधेदुखीसाठी चालू असलेलं स्टेरॉइड, वाढवलेलं इन्सुलिन, मनोविकाराच्या काही गोळ्या. ती ज्यांनी दिली त्यांना ऑपरेशनचं माहीतही नसतं. आणि या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, हे इथेच सांगून ठेवतो.

अनुपमा

आहारतज्ज्ञ आहे. इथले दोन्ही पक्ष मला रोज टेबलापलीकडे भेटतात, आणि खरं सांगायचं तर दोघांचाही वैताग येतो.

ऑपरेशन झालेल्यांना मी डायरी लिहायला लावते. सुरेख अक्षरात तीन जेवणं लिहिलेली असतात, वेळेसकट, ग्रॅमसकट. मधली जागा कोरी. मी विचारते, मुलांच्या ताटात उरलेलं कोण संपवतं? स्वयंपाक करताना चव कितीदा बघता? ऑफिसात टेबलावर खाऊची बरणी आहे का? मग हळूहळू ती कोरी जागा भरायला लागते. एका बाईंच्या डायरीत जेवणांपेक्षा ही मधली जागाच भारी निघाली. त्यांनी लपवलं नव्हतं, त्यांच्या लेखी ते खाणंच नव्हतं.

तेव्हा कडुनिंब यांचं निरीक्षण अचूक आहे. पण भावाला ते ज्या सुरात ऐकवत असतील, त्या सुराने डायरी खरी होत नाही, फक्त आणखी सुरेख होते.

आणि टाकेवाली, 'हे शरीराचंच आहे' एवढंच ऐकून हात वर करणारेही खूप पाहिलेत. पहिलं वर्ष फुकट कौतुकात जातं. भूक कमी असते तेव्हाच प्रथिनं आधी खायची, चावून खायचं, पिण्यातल्या कॅलरी बंद, स्नायूंचा व्यायाम सुरू, हे अंगवळणी पाडायचं असतं. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं म्हणजे किमान. ती गेली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही जातो आणि पुढे तोच कमी कॅलरी जाळण्याचा हिशोब अंगाशी येतो.

कडुनिंब

अनुपमाताई, सुराचं मान्य. घरात तो सूर लागतो खरा.

डॉक्टरसाहेब, पण तुमच्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघतो. औषध घ्या म्हणता. किती दिवस? सेमाग्लुटाइड या लिराग्लुटाइडच्याच जातीच्या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. त्यांचं ऑपरेशन झालेलं नव्हतं हे कबूल, पण औषधाची जात तीच. म्हणजे ऑपरेशनही करायचं आणि जन्मभर इंजेक्शनही टोचायचं? मग आधी कापलंच कशाला? थेट इंजेक्शनच सुरू करायचं होतं.

ठोकळा

हेच म्हणतोय. ऑपरेशनवाल्यांचाही धंदा, इंजेक्शनवाल्यांचाही.

टाकेवाली

रक्तदाबाची गोळी जन्मभर घेणाऱ्याला कुणी विचारतं का, 'अजून सुटली नाही का हो तुमची गोळी?' मग आम्हालाच का?

आणि 'कापलंच कशाला' याचं उत्तर. अमेरिकेतल्या युटा राज्यात बायपास झालेल्यांचा बारा वर्षं पाठपुरावा झाला, २०१७ मध्ये छापून आला. ज्यांना आधी टाइप २ मधुमेह होता त्यांच्यापैकी ७५ टक्क्यांचा दोन वर्षांनी आटोक्यात, म्हणजे औषधाविना साखर ठीक. बारा वर्षांनी ५१ टक्के. तुम्ही म्हणाल, बघा, घसरलंच. मी म्हणेन, बारा वर्षांनंतरही निम्मे लोक मधुमेहाच्या औषधाविना! वजनही दोन वर्षांनी सरासरी ४५ किलो उतरलेलं होतं, बारा वर्षांनी ३५. दहा किलो परत आले यावर सगळं गाव बोलतं, गेलेले पस्तीस कुणी मोजत नाही.

सांजवेळ

एक बाजू कुणीच काढली नाही म्हणून लिहिते. नवरा बायपासचा पेशंट.

खाणं सुटलं आणि पिणं लागलं. आधी महिन्या-दोन महिन्यांतून मित्रांबरोबर एखादा ग्लास, इतकंच होतं. ऑपरेशननंतर दारू फार लवकर चढायला लागली, आणि ते त्याला आवडायला लागलं. दुसऱ्या वर्षापर्यंत रोजचं झालं. वजन त्या ग्लासातून परत आलं. घरी आम्ही ताटावर नजर ठेवून बसलेलो!

फॉलोअपला त्याला प्रथिनं विचारली, पाणी विचारलं, चालणं विचारलं. दारूचं एकदाही नाही. तोंडावर ताबा म्हणणाऱ्यांना आणि हार्मोन म्हणणाऱ्यांना, दोघांनाही माझं एवढंच सांगणं, की आधी नीट विचारा तरी.

दुर्बीणवाला

सांजवेळ, हे विचारलं जायलाच हवं होतं. बायपासनंतर दारू रक्तात झपाट्याने चढते आणि दुसऱ्या वर्षात दारूच्या समस्येचं प्रमाण वाढतं, हे २०१२ पासून नोंदलेलं आहे. यजमानांसाठी वजनाच्या आधी व्यसनाच्या डॉक्टरांना गाठा. आणि रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडणं धोक्याचं असतं, तेही त्यांच्या देखरेखीखालीच.

कडुनिंब, औषध किती दिवस, तर बहुतेकांना लांबपल्ल्याचं. गोड बोलून फसवणार नाही. खर्च आहे, मळमळ आहे. ज्याला सोसत नाही त्याला देत नाही. ऑपरेशनवाल्याला पुष्कळदा गेलेल्या वजनातलं थोडंच परत उतरवायचं असतं, एवढा फरक.

कडुनिंब

नर्सने आकडा मोठ्याने वाचू नये, मान्य. पण 'काटाच नको' इथवर जाऊ नका. आठवड्यातून एकदा, घरी, दार लावून, वजन केलंच पाहिजे. भावाचा काटा पलंगाखाली ढकललेला आहे, वर जुन्या चादरींचा गठ्ठा. तो बाहेर काढा म्हणणं म्हणजे दोष देणं नव्हे.

टाकेवाली

काटा नको असं मी कुठे म्हटलं? पण एक सांगा डॉक्टर, किती वाढलं की यायचं? दोन किलोला आलं तर 'उगाच घाबरता' म्हणतात आणि पंधराला आलं तर 'इतके दिवस कुठे होता' म्हणतात.

दुर्बीणवाला

ही ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांच्या जागतिक संघटनेने २०२४ मध्ये ठरवलेली व्याख्या अशी, की ऑपरेशनने घटलेल्या वजनापैकी ३० टक्क्यांहून जास्त परत आलं तर ते 'लक्षणीय'. पण ती रेघ अभ्यास लिहिणाऱ्यांसाठी. तुम्ही तिची वाट बघू नका. दोन-तीन महिने काटा सलग वर जाताना दिसला की या, किलो कितीही असोत. येताना चालू असलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी आणा, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्याही.

कडुनिंब

भावाला घेऊन येतो म्हणालो तर तो येणार नाही. हा धागा त्याला पाठवतोय. ठोकळा यांचे प्रतिसाद तेवढे वाचू नकोस असं लिहिलंय.

ठोकळा

मी काय वाईट बोललो?