आबांना एवढ्या उशिरा बागेत कशाला नेलंय?

ताई नाशिक, ६:४१
दादा फोन उचल. तीनदा केला. आबांना एवढ्या उशिरा बागेत कशाला नेलंय? वहिनीच्या फोटोत बघितलं, डोक्याला कानटोपी नाही.

कुंदाआत्या, ६:४३
सुप्रभात 🙏 तुमच्या आबांना, म्हणजे आमच्या अण्णाला, वारा सोसत नाही. मागच्या दिवाळीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

बंडूकाका, ६:४४
हॉलवाल्याचा परत फोन आला होता. अण्णाच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी ५,००० अ‍ॅडव्हान्स शनिवारपर्यंत भरायचा आहे. हो की नाही ते कळवावे.

छोटू, ६:४७
ताई, तिथे आत्ता संध्याकाळचे सव्वाआठ झालेत. जूनमध्ये अजून उजेड असतो शिकागोत.

दादा शिकागो, ६:५२
गाण्याच्या आवाजात रिंग ऐकू आली नाही. ग्रँट पार्कमध्ये आहोत, ब्लूज फेस्टिव्हल, म्हणजे इथल्या काळ्या लोकांच्या गाण्यांचा. फुकट असतो, खुर्ची घरून आणायची. आबा घडीच्या खुर्चीत बसलेत, अंगावर शाल आहे, आठची गोळी घेतली. आज मडी वॉटर्स या ब्लूज गायकाच्या शताब्दीचा कार्यक्रम आहे. आबांनीच मला थांबवलंय, मी नाही त्यांना.

बंडूकाका, ६:५४
मडी म्हणजे चिखल ना? गढूळ पाणी असं नाव ठेवतं का कोणी?

कुंदाआत्या, ६:५५
का, आपल्याकडे दगडू, धोंडू नाही ठेवत?

दादा शिकागो, ६:५८
आत्या अगदी बरोबर. लहानपणी चिखलात खेळायचा म्हणून आजीने ठेवलेलं नाव. खरं नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. आई लवकर गेली, आजीनेच वाढवला. मिसिसिपीत स्टोव्हॉल नावाच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ साली सरकारी लायब्ररीचे लोक रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन त्याच्या खोपटात आले, तेव्हा स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला त्याने. तासाला साडेबावीस सेंट मिळायचे. पंचवीस मागितले, मुकादम नाही म्हणाला. १९४३ मध्ये गाडी पकडून शिकागोला आला, परत मळ्यावर राबायला गेला नाही. हे आबांना सांगितलं तर म्हणाले, "मुकादम सगळीकडे सारखाच."

ताई नाशिक, ७:००
ते सगळं ठीक आहे. कानटोपी घाल.

दादा शिकागो, ७:०२
दोन महिने आबा माझ्याकडे आहेत. एक गोळी चुकली नाही. तुमच्याकडे होते तेव्हा मी असं दर तासाला विचारत होतो का?

ताई नाशिक, ७:०३
नव्हतास विचारत. नऊ वर्षं नाही विचारलंस.

भावोजी, ७:०५
जाऊ दे ना आता. दादा, तो गिटारवाला बडी गाय आला आहे का रे स्टेजवर? २०११ ला वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत ऐकलंय मी त्याला, महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलचं पहिलं वर्ष. गिटार वाजवत थेट लोकांत उतरला होता. १९५७ मध्ये तो उपाशीपोटी शिकागोत फिरत होता तेव्हा मडीनेच त्याला सँडविच खायला घातलं. आजही सांगतो.

ताई नाशिक, ७:०६
२०११ ला वांद्र्याला तुम्ही ट्रेनिंगला गेला होतात ना?

छोटू, ७:०६
भावोजी, आता तुमचं काही खरं नाही 😂

बंडूकाका, ७:०८
हॉलवाल्याचा परत फोन आला होता. ५,००० अ‍ॅडव्हान्स शनिवारपर्यंत. कोणीच उत्तर देत नाही.

ताई नाशिक, ७:१०
काका, दाखल्यावर आबांचं साल १९३६ आहे. म्हणजे आता २०१५ ला ७९. सहस्रचंद्रदर्शन २०१७ ला येतं. उगाच घाई कशाला?

कुंदाआत्या, ७:१४
दाखल्यावर १ जून आहे. मास्तर सगळ्यांचीच १ जून घालायचे. अण्णा शिमग्यातला. आई सांगायची, पंचम जॉर्जच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळेत खाऊ वाटला, त्या दिवशी अण्णा अंगणात पावलं टाकत होता.

छोटू, ७:१७
ते १९३५ चा मे. म्हणजे जन्म १९३४ च्या शिमग्यात. आत्याने केस सोडवली. आबांना ८१ पूर्ण.

दादा शिकागो, ७:२०
मडीचंही अगदी हेच आहे. तो जन्मभर १९१५ सांगायचा, थडग्यावरही तेच आहे. पण त्याच्या लग्नाच्या कागदावरून १९१३ निघतं. आबांना म्हटलं, तुमच्यासारखाच दोन वर्षांचा घोळ. तर म्हणाले, ज्याला आई नव्हती त्याला कोण सांगणार.

बंडूकाका, ७:२१
मग ह्याच वर्षी करायचं ना? अ‍ॅडव्हान्स भरू?

ताई नाशिक, ७:२२
खर्च कोणी किती करायचा ते आधी ठरू दे. मागच्या वेळी ठरलं नव्हतं आणि काय झालं ते मी बोलत नाही.

भावोजी, ७:२३
दादा, क्लिप टाक ना.

दादा शिकागो, ७:३१
टाकली. नीट बघा, गिटारवाल्याने डाव्या करंगळीत नळी घातली आहे. ती तारांवर घासतो, म्हणून माणूस कण्हल्यासारखा आवाज येतो. स्टेजवर मडीच्या बँडमधले जुने वादक आहेत, केस पांढरे झालेत. मडी १९८३ ला गेला. आबांना इंग्रजीचा एक शब्द कळत नाही, पण दुसऱ्याच गाण्याला माझा हात दाबून म्हणाले, "बघ, बुवा ओळ सोडतो आणि ती गिटार मागून झील धरते, भजनासारखी." मला इथे बारा वर्षं झाली, दरवर्षी ऐकतो, हे मला सुचलं नव्हतं.

कुंदाआत्या, ७:३३
अण्णा परळला भजनाच्या डबलबारीला उभा राहायचा तेव्हा समोरचा बुवा घाम पुसायचा. गिरणीची रातपाळी करून आलेला असायचा.

दादा शिकागो, ७:३८
तेच सांगतोय आत्या. मडी दिवसा कारखान्यात राबायचा, ट्रक चालवायचा, रात्री गायचा. गावाकडची साधी गिटार इथल्या गुत्त्यातल्या कालव्यात ऐकूच येईना, म्हणून विजेवरची घेतली. तिथून अख्ख्या जगाचं गाणं बदललं. रोलिंग स्टोन्सनी बँडला नाव दिलं ते त्याच्या १९५० च्या गाण्यावरून. पियानोवाला ओटिस स्पॅन त्याच्याच घरी तळघरात राहायचा, तिथेच तालीम. आबांना हे सांगितल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत झोपणारे नऊ जण त्यांनी नावानिशी मोजले. ताई, मघाशी मी तोडून बोललो. पण आबा इतकं बोललेले मी आईच्या नंतर आज बघतोय.

ताई नाशिक, ७:४३
क्लिप बघितली. शेवटी आबांची बोटं दिसतात खुर्चीच्या दांड्यावर. ठेका धरलाय.

ताई नाशिक, ७:४४
मीही नऊ वर्षांचा विषय काढायला नको होता.

बंडूकाका, ७:४५
हॉलवाल्याचा परत फोन आला होता. ५,०००

छोटू, ७:४५
काका मी भरतो. नंबर पाठवा. वाटण्या नंतर.

दादा शिकागो, ७:५४
कार्यक्रम संपला, गाडीकडे चालतोय. आबा सांगतायत तसं लिहितो: "बंडूला म्हणावं पैसे भर. भाषणं नकोत, मानपत्र नको. परळच्या मंडळातले जे राहिले असतील त्यांना बोलवा. मी एक अभंग म्हणेन, त्यांनी झील धरायची."

बंडूकाका, ७:५६
मंडळातले कोण राहिलेत आता? पखवाजवाले तर गेले.

दादा शिकागो, ७:५८
आबा म्हणतात चौघं असतील. पत्ते निळ्या डायरीत आहेत, नाशिकच्या कपाटात, आईच्या साड्यांखाली.

ताई नाशिक, ८:०७
सापडली डायरी. कुठलं पान विचार.