डेलामोटचे क्रिस्टल पॅलेसचे फोटो: दस्तऐवज की कंपनीची जाहिरात?

चुनाविटा: वर एकाने ठोकून दिलंय की फिलिप डेलामोट म्हणजे क्रिस्टल पॅलेस पुन्हा उभारणाऱ्या कंपनीचा पगारी फोटोवाला, कला शून्य. डोकंच फिरलं, म्हणून जरा लांबण लावतो. लंडनच्या हाइड पार्कातला हा लोखंड-काचेचा महाल १८५२ साली सुटा करायला घेतला, मग लंडनजवळच्या सिडनमला आणखी मोठा करून उभारला, जून १८५४ ला व्हिक्टोरिया राणीने उद्घाटन केलं, आणि हे सगळं त्याने टप्प्याटप्प्याने टिपलं. तेही ओल्या कोलोडियनवर, म्हणजे काचेवर लावलेल्या रासायनिक लेपावर! लेप सुकायच्या आत फोटो घ्या आणि लगेच धुवा, म्हणजे डार्करूमही तिथेच जवळ हवी. १६० फोटोंचे दोन खंड निघाले. महाल १९३६ ला जळाला, आता तो जोडला कसा ते बघायला याच्याच दारात जावं लागतं.

मूळ_पोस्टवाला: पैसे कंपनीचेच होते ना? मग पगारीच. ऑगस्ट १८५३ मध्ये तिथे परांची कोसळून १२ कामगार मेले, आणि अल्बम बघाल तर सगळं कसं छान छान चाललंय.

सिमेंटताई: अगदी! आमच्या रिडेव्हलपमेंटचा बिल्डर दर शनिवारी ग्रुपवर फोटो टाकायचा, चकाचक, आणि दोन नंबरच्या कॉलमला गेलेला तडा एकाही फोटोत नाही. विचारलं तर म्हणे अँगल चुकला. भाडं थकलं ते वेगळंच, त्यावर बोलायला गेले तर रात्र पुरणार नाही.

चुनाविटा: ताई, तुमच्या बिल्डरचा राग डेलामोटवर कशाला?

काळाघोडाकर: लंडनचं पुरे. या महालावर काम केलेल्या ऑर्डिश या इंजिनिअरनेच आपलं वॉटसन हॉटेल डिझाइन केलं, लोखंडी सांगाडा इंग्लंडात बनवून जहाजाने मुंबईत आणला. १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा तिथेच दाखवला. आणि आज? २००५ ला एक भाग कोसळला, २०१९ ला माणसं बाहेर काढली. त्याच्यावर लिहा की!

मूळ_पोस्टवाला: पाडून टाका एकदाचं. भाडेकरू जीव मुठीत धरून राहायचे आणि तुम्ही हेरिटेज हेरिटेज करत सेल्फी काढायचे.

काळाघोडाकर: पाडा म्हणणं सोपंय. माझी मावशी त्याच गल्लीत नोकरीला होती, छत गळायचं तेव्हा दुरुस्तीला एक मालक पुढे आला नाही.

सिमेंटताई: मालक कुठलेही असोत, सगळे सारखेच.

चुनाविटा: धागा डेलामोटचा आहे हो!! आणि ऐका, वॉटसनचा सांगाडा जोडताना असा टप्प्याटप्प्याने टिपणारा फोटोवाला असता तर आज दुरुस्ती करणाऱ्यांना कुठला सांधा कसा बसवलाय ते तरी कळलं असतं.

मूळ_पोस्टवाला: बरं बाबा, तुमचा डेलामोट इंजिनिअरांच्या कामाचा, मान्य. पण एक्स्पोजर लांब, म्हणजे काचेवर प्रकाश बराच वेळ पडू द्यावा लागायचा, म्हणून हलणारे मजूर फोटोत भुतासारखे पुसट, आणि खांब मात्र कडक. याला कला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

चुनाविटा: मग काय, खांबांना हलायला सांगायचं होतं?