कॅनडात माणसं वाढली, पण देश वाढला का?

किचनरकर

इथे कॅनडातल्या किचनर शहरात आमच्या शेजारच्या घराच्या बेसमेंटमधून गेल्या जानेवारीत मी सकाळी सात पोरं बाहेर पडताना पाहिली. बाहेर उणे अठरा. त्यातला एक बसस्टॉपवर भेटला, संगमनेरचा निघाला. पायात अजून तिकडून आणलेले कापडी बूट. म्हणाला, गाद्या चारच आहेत, रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाला उठतो. माझे आजोबा लालबागच्या गाळ्यात असेच पाळीपाळीने झोपायचे. शंभर वर्षांनी कॅनडासारख्या देशात आपली पोरं तशीच झोपतात, हे पाहून पोटात कालवलं.

मी 2009 साली पॉइंट सिस्टीममधून इथे आलो. वय, शिक्षण, भाषा, अनुभव, सगळ्याला गुण, आणि गुण पुरले तरच प्रवेश. ही पद्धत 1967 पासूनची. बाहेरून आलेल्यांनीच हा देश मोठा केला, असं मी पंधरा वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. आता तसं म्हणवत नाही.

2023 या एका वर्षात इथली लोकसंख्या 3.2 टक्क्यांनी वाढली. 1957 नंतर एवढी वाढ झाली नव्हती. सुमारे 12.7 लाख माणसं वाढली, आणि शंभरातली सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव बाहेरून आलेली. एकूण जीडीपी वाढला, पण डोईमागे भागून पाहिला तर घसरला. म्हणजे परातीत पोळ्या वाढल्या, पण पंगतीत माणसं त्याहून जास्त बसली.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा. 2024 च्या उन्हाळ्यात त्याने साठ ठिकाणी अर्ज केले, दोन ठिकाणांहून उत्तर आलं. त्या ऑगस्टमध्ये 15 ते 24 वयोगटातली बेकारी 14.5 टक्क्यांवर होती. मालकाला किमान वेतनात, कुठल्याही वेळी, ब्र न काढता राबणारा माणूस मिळत असेल तर तो माझ्या मुलाला कशाला घेईल? या वेगाने माणसं आणल्याने देशाचं नुकसान झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी सांगावं.

मिरजेचा

काका, मला पटत नाही. त्या सात पोरांपैकी एक मी असू शकलो असतो. 2022 मध्ये आलो, पहिली आठ महिने बेसमेंटमध्येच होतो.

तुम्ही म्हणता आम्ही तुमच्या मुलाची नोकरी घेतली. आम्ही इथे काय आणलं तेही सांगा की. बाबांनी द्राक्षबाग गहाण ठेवून माझी फी भरली. वर्गात माझ्या शेजारी बसणारा इथला मुलगा साधारण पाचवा हिस्सा फी भरायचा. बाक तोच, मास्तर तोच. 2019 मध्ये इथल्या ओंटारियो प्रांताच्या सरकारने इथल्या मुलांची फी 10 टक्क्यांनी उतरवली आणि तिथेच गोठवली. कॉलेजांचा खड्डा भरायचा कोणी? 2021 च्या ओंटारियोच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात आहे : सरकारी कॉलेजांत परदेशी विद्यार्थी 30 टक्के, पण फीच्या उत्पन्नातला त्यांचा वाटा 68 टक्के. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय! तुमच्या मुलाची फी स्वस्त राहिली ती मिरजेच्या बागेच्या पैशावर.

आठवड्याला वीस तासांची कामाची मर्यादा सरकारनेच नोव्हेंबर 2022 मध्ये उठवली, कारण दुकानांना आणि गोदामांना माणसं मिळत नव्हती. तेव्हा आम्ही हवे होतो. एप्रिल 2024 ला ती सवलत संपली आणि आम्ही एकदम घरं महाग करणारे ठरलो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

जर्सीचे मास्तर

दोघांच्याही बोलण्यात दुःख खरं आहे. मी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून एक जुनं प्रकरण सांगतो. हा वाद त्या प्रकरणावर गेली पस्तीस वर्षं चालू आहे.

1980 मध्ये क्यूबाने देश सोडू पाहणाऱ्यांसाठी मारिएल बंदर उघडलं आणि काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख माणसं होड्यांतून फ्लोरिडात उतरली. त्यातली निम्मी मायामीतच राहिली. शहरातले कामगार एका झटक्यात सात टक्क्यांनी वाढले. सगळ्यांना वाटलं मजुरी कोसळणार. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये आकडे तपासले, तर मजुरीवर आणि बेकारीवर जवळजवळ काहीच परिणाम दिसेना. का? येणारा माणूस फक्त दोन हात घेऊन येत नाही, पोटही घेऊन येतो. तो भाकरी विकत घेतो, केस कापून घेतो, खोली घेतो, आणि त्यातून दुसऱ्याला काम मिळतं. कार्ड यांना 2021 चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. ते मूळचे ग्वेल्फचे, म्हणजे किचनरकरांच्या अगदी शेजारचे.

मग दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी तेच आकडे पुन्हा उघडले. हे स्वतः क्यूबात जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले. ते म्हणाले, सगळे कामगार एकत्र का मोजता? ज्यांनी शाळाही पुरी केली नाही तेवढेच पाहा. त्यांची मजुरी 10 ते 30 टक्क्यांनी पडली, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर इतरांनी दाखवलं की बोर्हास यांनी घेतलेला गट फार लहान आहे आणि त्या वर्षांत पाहणीत कोणाला घेतलं हेच बदललं होतं. मला स्वतःला कार्ड यांची बाजू जड वाटते.

उलटा प्रयोगही झालेला आहे. 1964 च्या शेवटी अमेरिकेने मेक्सिकन शेतमजुरांची ब्रासेरो योजना बंद केली, इथल्या मजुरांना चांगले पैसे मिळावेत म्हणून. मजुरी काही वाढली नाही. कॅलिफोर्नियाच्या टोमॅटोवाल्यांनी तोडणीची यंत्रं आणली, आणि ज्या पिकांना यंत्र नव्हतं त्यातली काही कमी केली.

तेव्हा किचनरकर, तुमच्या मुलाला नोकरी मिळाली नाही याचं सगळं खापर त्या पोरांवर फोडू नका. त्याच काळात व्याजदर चढले होते, धंदे आखडते घेत होते.

किचनरकर

मास्तर, मजुरीचं तुम्ही म्हणता ते मानतो. पण मायामीच्या गोष्टीत घर कुठे आहे? भाकरी दुसऱ्या दिवशी जास्त भाजता येते. घराला परवानगी, नळ, गटार, सुतार, दोन-तीन वर्षं लागतात. बँक ऑफ कॅनडाचे उपगव्हर्नर टोनी ग्रॅव्हेल यांनी डिसेंबर 2023 च्या भाषणात हेच सांगितलं : नवागतांमुळे कामगारांची टंचाई सैल झाली, पण घरं आधीच कमी असल्याने भाडी आणि किमती वर गेल्या. फायदा कोणाला झाला? ज्याच्याकडे भाड्याने द्यायला बेसमेंट आहे त्याला, आणि ज्याला स्वस्तात माणूस हवा आहे त्याला.

मिरजकर, फीचं तुझं बोलणं मला लागलं. तो आकडा मला ठाऊक नव्हता. पण बघ, तू सांगितलेलं माझ्याच बाजूचं आहे. जी व्यवस्था एका शेतकऱ्याची बाग गिळून इथल्या कॉलेजची इमारत उभारते, तिला मी देशाची प्रगती कशी म्हणू?

वसईची सिस्टर

तुम्ही सगळे भाड्यात आणि नोकरीत अडकलात. मी हॅमिल्टनजवळ वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. आमच्या मजल्यावर बत्तीस आजी-आजोबा. रात्रपाळीला आम्ही चौघी : मी, दोन फिलिपिन्सच्या, एक नायजेरियाची. इथे जन्मलेली एकही नाही.

एक आजोबा आहेत, जन्मभर गाईंचा गोठा केला. त्यांना अंघोळ घालायची म्हणजे दोघी लागतात, कारण ते पहाटे चारला दूध काढायला निघतात. आपण त्यांच्याबरोबर दाराशी जायचं, म्हणायचं गाई दोहून झाल्या, मग ते गुमान येतात. या कामाला जाहिरात कायमच लागलेली असते. इथल्या मुली येतात, महिनाभर टिकतात. पाठ जाते ना.

2023 मध्ये कॅनडातला जननदर 1.26 होता. म्हणजे दोन माणसांमागे सव्वा मूल. पंचवीस वर्षांनी किचनरकर, तुमची अंघोळ कोण घालणार? पेन्शनच्या फंडात पैसे कोण भरणार? मला इथे नर्सिंगचा परवाना मिळवायला चार वर्षं लागली, वसईतला बारा वर्षांचा अनुभव शून्य धरला. तोट्याचा हिशोब मांडायचा तर हाही मांडा. डॉक्टर टॅक्सी चालवतो तेव्हा देशाचं जे नुकसान होतं, ते कुणाच्या वहीत लिहितात?

डोंबिवली फास्ट

एक सरळ प्रश्न. इथे मुंबईत परप्रांतीय आले, आमच्या नोकऱ्या गेल्या, लोंढे थांबवा, असं आपल्यातलेच किती जण रोज म्हणतात. तेच लोक मुलाला कॅनडाला धाडतात आणि तिथे कोणी लोंढा म्हटलं की रागावतात. माझ्या भाच्याचं तिकडे जायचं चाललंय, म्हणून धागा वाचतोय. मला वाटतं प्रत्येक देशाला आपलं दार किती उघडायचं ते ठरवायचा हक्क आहे. तो आपल्याला मुंबईत हवा असेल तर कॅनडालाही द्यावा लागेल.

वसईची सिस्टर

देश आणि शहर एक नाही हो. मुंबई भारतात आहे, बिहारचा माणूस तिथे व्हिसा घेऊन येत नाही.

मिरजेचा

किचनरकर काका, दार किती उघडायचं हे सरकारनं ठरवलंच ना आता. जानेवारी 2024 मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली, ऑक्टोबरमध्ये कायम रहिवाशांचं 2025 चं लक्ष्य 3,95,000 वर आणलं, मार्च 2025 पासून कायम रहिवासाच्या अर्जात नोकरीच्या ऑफरला मिळणारे गुण काढून टाकले. माझे 50 गुण गेले. मी गोदामात सुपरवायझर आहे, कर भरतो, बागेचं कर्ज निम्मं फेडलंय. माझं वर्क परमिट सप्टेंबरला संपतं.

माझ्या कॉलेजात मी शिकलो तो कोर्सच बंद झाला. ज्या बाईंनी मला इन्व्हेंटरी शिकवली त्यांना कमी केलं. त्या इथल्याच, तिसऱ्या पिढीच्या कॅनेडियन. आमची फी थांबली आणि त्यांची नोकरी गेली.

एक गोष्ट मात्र तुमच्या म्हणण्यासारखी झाली. माझ्या खोलीचं भाडं 750 होतं, ते घरमालकाने आपणहून 600 केलं, कारण दोन खोल्या रिकाम्या आहेत. माझ्या मामेभावाचा व्हिसा नाकारला गेला, तो तासगावला परत बागेत काम करतोय. माझं भाडं त्याच्यासारख्यांमुळे उतरलं, असंच म्हणायचं ना?

किचनरकर

हो, असंच म्हणावं लागेल. आणि तरीही मर्यादा घातली हे बरोबर झालं, असं मी म्हणेन. फक्त ती तू येण्याआधी घातली असती, तर बाग गहाण टाकण्यापूर्वी तुझ्या बाबांना कळलं असतं. तुझे पैसे घेऊन झाल्यावर गुण काढून घेणं मला मान्य नाही. आमच्या भागाच्या खासदारांना मी या आठवड्यात पत्र लिहितोय : जे आधीच आत आहेत, ज्यांनी फी भरली, कर भरला, त्यांना जुन्या नियमाने न्याय द्या. तुझ्या कागदांतलं नेमकं काय त्यात लिहायला हवं, ते मला कळव.