मे महिन्यात कोकणात जाणे आपण सोलापूरकरांनी थांबवावे का?

धागालेखक (निवृत्त भूगोल शिक्षक, सोलापूर)

वार्षिक परीक्षा संपल्या की सांगोला, मिरज, कोल्हापूर करीत आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या गाड्यांची रीघ लागते. पारा 42 अंशांच्या पुढे गेलेला असताना समुद्र आठवणे स्वाभाविक आहे आणि मीही कित्येक वर्षे लेकरांना घेऊन याच दिवसांत गेलो आहे. आता मात्र माझे मत असे झाले आहे की आपण दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत कोकणात जावे आणि एप्रिल-मे टाळावेत.

गेल्या मे महिन्यात आम्ही नऊ जण रत्नागिरी तालुक्यातील एका गावात, एका घरी उतरलो होतो. जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेल्या त्यांच्या विहिरीच्या तळाशी गुडघाभर पाणी होते. रात्रभर पाझरून साचलेले पाणी काढण्यासाठी घरच्या काकू पहाटे चारला रहाटावर उभ्या राहत आणि आम्ही समुद्रात डुंबून आल्यावर अंगाचा खारेपणा घालवायला माणशी दोन बादल्या ओतत असू. तिसऱ्या दिवशी पंपाने गाळ ओढला. काकू आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण त्या संध्याकाळी त्यांच्या पोफळींची आळी कोरडीच राहिली.

सोलापुरात वर्षाला साधारण 550 मिलिमीटर पाऊस पडतो, तर रत्नागिरीत 3000 मिलिमीटरहून अधिक. तरीही मे महिन्यात तेथील वाड्यांवर टँकर येतात. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांमध्ये ढोबळमानाने 50 किलोमीटरचीच पट्टी आहे, उतार तीव्र आहे, नद्या आखूड आहेत आणि सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पाणी झऱ्यांवाटे लवकर वाहून जाते. त्यामुळे जून ते सप्टेंबरात पडलेला पाऊस बहुतांशी समुद्राला मिळतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरातल्या माणसांनी तरी दुसऱ्याच्या विहिरीचा तळ ओळखायला हवा.

प्रतिसाद (शाळकरी मुलांची आई, जुळे सोलापूर)

सर, आपला अनुभव मनाला लागला, परंतु निष्कर्ष मान्य नाही. दिवाळीची सुट्टी फराळात आणि पाहुण्यांत संपते, जानेवारीत सिद्धेश्वर महाराजांच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस असतात, फेब्रुवारीपासून परीक्षांचा घोर लागतो. नोकरदार घराला सलग सहा दिवस मिळतात ते मे महिन्यातच. शिवाय मुलांना आंबा झाडावर पाहायचा असेल, तर शिमग्याआधी जाऊन काय दिसणार? पेटीतला हापूस आपल्याला अक्षय्यतृतीयेला बाजारातही मिळतो. बागेत झेल्याने (काठीला बांधलेल्या जाळीने) उतरवलेला आंबा अढीत (गवतात पिकायला) घालताना पाहणे ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात किल्ल्यांवर जाणाऱ्या होड्याही बंद राहतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांचा घरखर्च ज्या कुटुंबांना मे महिन्यातल्या पाहुण्यांवर भागवावा लागतो, त्यांच्याकडे जाऊ नका असे सांगणे हा न्याय कसा?

प्रतिसाद (माहेर मालवण, गेली अठरा वर्षे सोलापुरात)

सर, पाहुण्यांमुळे विहिरी आटतात हे अर्धेच सत्य आहे. माझ्या लहानपणी पाऊस ओसरला की वाडीतली माणसे जमून व्हाळाला (ओढ्याला) मातीचा बांध घालत आणि ते पाणी पाटाने बागेला खेळवत. आज निम्मी घरे मुंबईला गेली आणि बांध घालायला हात उरले नाहीत. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चिरेखाणी निघाल्या. मुरायची जागाच आपण खणून काढली, तर पाणी कोठून येणार? याचा दोष पर्यटकावर घालता येत नाही.

ताई, आपलाही एक मुद्दा मला खटकतो. पैसे मिळतात म्हणून किनाऱ्यावरच्या बावी (विहिरी) मे महिन्यात कितीही उपसाव्यात असे नाही. पावसाचे गोडे पाणी तेथे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. प्रमाणाबाहेर उपसा झाला की समुद्र आत सरकतो आणि बाव मचूळ होते. सिंधुदुर्ग किल्ला पाहायला सगळे जातात, पण शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात, चहूबाजूंनी खारे पाणी असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, याकडे किती जण थांबून पाहतात? मी दरवेळी माझ्या सोलापूरच्या नणंदांना आधी त्या बावींपाशी नेते.

प्रतिसाद (यंत्रमाग व्यावसायिक, अक्कलकोट रस्ता)

मी सरांच्या बाजूने आहे, मात्र माझे कारण वेगळे आहे. मे महिन्यात जाणारा माणूस उन्हामुळे किनारा सोडत नाही आणि कोकण म्हणजे वाळू आणि तळलेली सुरमई एवढेच पाहून परततो. आम्ही एकदा कारखान्यातली दहा माणसे मिळून डिसेंबरात कुडाळकडे गेलो होतो. देवळासमोर रात्री उशिरा दशावतार उभा राहिला. पेटी, पखवाज आणि झांज एवढीच साथ, लिहिलेली संहिता नाही, आणि तरीही राजाचे काम करणारा नट पहाटेपर्यंत पल्लेदार संवाद बोलत होता. दुसऱ्या दिवशी सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि हाताने रंगवलेली गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) पाहिली. रत्नागिरीच्या सड्यावरची कातळशिल्पे, जी 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, ती भर उन्हात तापलेल्या कातळावर पाय भाजत पाहण्याची गोष्टच नव्हे. गवत वाळल्यावर, हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात त्यांच्या रेषा उठून दिसतात.

प्रतिसाद (शाळकरी मुलांची आई)

दादा, दशावताराचे वर्णन वाचून जावेसे वाटले, हे मान्य करते. तरीही मुलांची शाळा बुडवून मी डिसेंबरात जाणार नाही. आम्ही मे महिन्यातच जाऊ, मात्र किनाऱ्यालगत न उतरता नदीकाठच्या एखाद्या गावी राहू आणि विहिरीची स्थिती आधी विचारूनच दिवस ठरवू.

धागालेखक

मालवणच्या ताईंनी बांधांविषयी लिहिले ते माझ्या लिखाणातून सुटले होते. ती उणीव मी मान्य करतो. ज्यांना शाळेचे बंधन नाही त्यांनी तरी मे महिना सोडावा, एवढा आग्रह मी कायम ठेवतो. आमच्या घरात आता शाळकरी कोणी नाही, म्हणून त्रिपुरी पौर्णिमेनंतर येण्याचे ठरवून काल त्या काकूंना दूरध्वनी केला. विहीर तेव्हा काठोकाठ असते, असे त्या आनंदाने म्हणाल्या. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "म्हणजे मे महिन्यात नाही येणार का तुम्ही?" त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, ते मला सुचले नाही.