स्टेशन आधी की पूररेषा?

लालडबा
बदलापूरच्या एका नव्या इमारतीची जाहिरात पाहिली. ‘स्टेशनपासून आठ मिनिटं.’ नदीपासून किती, ते कुठेच नाही. म्हणून हा धागा.

गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९४५ मध्ये मांडलं होतं की पूर देव आणतो, पण पुराचं नुकसान बहुतांशी माणूसच ओढवून घेतो. त्या वाटेने पुढे गेलेल्या अभ्यासकांनी दाखवलं की बांध घातला की लोक निर्धास्त होतात, बांधाआड वस्ती दाटते आणि मग कधीतरी बांधापेक्षा मोठा पूर येतो. माझं म्हणणं, आपल्याकडे बांधाचं हे काम स्टेशन करतं. सखल जमीन स्वस्त, कारण तिथे पाणी भरतं. गाडी थांबायला लागली की पाण्याचं कोणी विचारत नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली, हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. गिरणी कामगारांना घरं देण्याचा घाट कुठे? शेलू-वांगणीला!

पूररेषा म्हणजे पुराचं पाणी कुठवर चढेल ते दाखवणारी नकाशावरची रेषा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. या रेषा आखून सातबाऱ्यावर चढल्याशिवाय नवी लोकल नको, नवा रस्ता नको.

नालासोपारकर
लोकल नको म्हणणारे राहतात कुठे, ते आधी कळू दे.

वडील परळच्या गिरणीत होते. संपानंतर काही वर्षं रेटली, मग चाळीतली खोली विकून इकडे आलो. पाणी भरतं हे ठाऊक नव्हतं असं समजू नका, बाजूला मिठागरं दिसत होती. पण त्या पैशात चर्चगेटला नेणारी गाडी आणि स्वतःचा संडास दुसरीकडे कुठे मिळत होता? जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी आलं, गाड्या बंद, तळमजल्यावरच्या काकूंचा फ्रीज दोन दिवस आमच्या जिन्यात. तरी सांगतो, स्टेशन नसतं तर आम्ही पुरातून वाचलो असतो असं नाही, नोकरीतून मात्र गेलो असतो.

लालडबा
तुमच्या वडिलांना दोष देत नाहीये, दादा. दोष नकाशावर सही करणाऱ्याला. गिरणीच्या जागेवर टॉवर आणि कामगार वांगणीला, यावर आझाद मैदानात मोर्चा निघालाच की.

पर्जन्यकाका
पर्जन्यजलवाहिन्यांच्या कामात हयात गेली, म्हणून बोलतो. घाबरवू नका लोकांना. मुंबई शहराची गटारं पूर्वी ताशी २५ मिमी पावसाच्या हिशोबाची होती. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानंतर (मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा) ती ५० मिमीला न्यायचं ठरलं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथे उपसा केंद्रं झाली, हिंदमाताचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या झाल्या. पैसा आणि पंप असले की सखल भागही राहण्याजोगा होतो. वसईला जमत नाही कारण तिथे कोणी केलंच नाही. रुळांचा भराव उत्तर-दक्षिण, पाण्याला खाडीकडे जायचंय, रुळांखालच्या मोऱ्या मात्र तोकड्या. मोऱ्या वाढवा, लोकल कशाला अडवता?

भरतीओहोटी
काका, मोऱ्यांचं पटलं. पंपांचं नाही. २६ मे २०२५ ला आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशनात पाणी घुसलं, सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. पैसा आणि पंप दोन्ही होते तिथे.

आणि लालडबा, तुमची पूररेषा फक्त बदलापूर-वसईच्या गरिबांसाठीच का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्यात जेमतेम ७३. पूर आला तो मिठी नदीला. तिच्या मुखापाशी खारफुटी आणि पाणथळ जागा बुजवून बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) उभं केलं. विमानतळाची धावपट्टी नदीवरून गेलेली. त्याच बीकेसीला आपण मेट्रो जोडली, बुलेट ट्रेनही तिथूनच सुटणार. तिथे कोणी म्हणालं का, आधी पूररेषा, मग स्टेशन? (अवांतर: माहीम कॉजवे १८४५ चा. खाडी बुजवून रस्ता काढायची खोड जुनीच.)

लालडबा
बीकेसीचा मुद्दा मान्य. धाग्यात तो यायला हवा होता, माझ्या डोक्यात कर्जत लाइनच होती. पण म्हणून पनवेल-कर्जतच्या नव्या लोकल मार्गाभोवती तीच चूक करायची?

पर्जन्यकाका
चूक इमारतीची. गाडीची नाही.

लालडबा
काका, गाडीशिवाय ती इमारत विकली तरी जाईल का?

नालासोपारकर
एक विचारतो. आमच्या घरावर लाल रेषा चढली, तर उद्या ते घेणार कोण? बँक कर्ज देईल? मुलीच्या लग्नाला तेच विकायचंय.

लालडबा
जुन्या घरांना वगळू. फक्त नव्या परवानग्यांना लावू.

नालासोपारकर
म्हणजे नवीन लोक सुरक्षित जागी आणि आम्ही आहोत तिथेच. मग काका म्हणतात त्या मोऱ्या आमच्याकडे कोण रुंद करणार, तेवढं लिहा.